हिएन आजींच्या रिकाम्या पायऱ्या

थिएम गुरुजींचा फ्रिज शेजारच्या हिएन आजींच्या घरी राहायला गेला, त्याला कारण गुरुजींचं गणित. ते गणित बरोबर होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे काही झालं त्याचा दोष गणितावर येऊ नये.

खरी सुरुवात झाली गेल्या वर्षीच्या श्राद्धापासून. गुरुजींच्या वडिलांचं श्राद्ध ऐन उन्हाळ्यात येतं. तेव्हा लाओसकडून डोंगर उतरून कोरडा वारा विन्ह शहरात शिरतो आणि दोरीवरचा शर्ट पिळून टाकेपर्यंत वाळवतो. त्या दिवशी गावाहून बिन्ह काका आले, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उभे राहिले आणि वर बघतच राहिले. देव्हाऱ्यावरचे दोन्ही लाल दिवे बंद होते. दिवसा उजेड असतोच, या विचाराने गुरुजींनी ते बंद ठेवले होते. एसीसुद्धा बंद होता.

"माझा दादा अंधारात जेवतोय," काका म्हणाले. जेवून निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "थिएम, पुढच्या वर्षी पुन्हा असली काटकसर दिसली, तर दादाचं श्राद्ध मी गावी घेऊन जाईन. तिकडे आम्ही गरीब आहोत, पण दिवा लावतो."

थोरल्या मुलाच्या घरून बापाचं श्राद्ध उचलून न्यायचं, म्हणजे भर वर्गात मास्तरांच्या हातातला खडू काढून घेण्यासारखं. गुरुजींनी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं. खडू कधी कोणी काढून घेतला नव्हता.

तेव्हा यंदा देव्हाऱ्यावरचे दिवे अहोरात्र चालणार, पाहुण्यांसाठी दोन दिवस आधीपासून एसी चालणार, हे ठरून गेलं. आणि तसं ठरल्याबरोबर गुरुजींच्या डोळ्यांपुढे विजेच्या दराच्या पायऱ्या उभ्या राहिल्या.

या पायऱ्यांवरून चाळीत रोज वाद होई. चाळीत म्हणजे हिएन आजींच्या दारात. आजी रोज संध्याकाळी चहाचा ताजा हिरवा पाला उकळून मोठी किटली भरत आणि व्हरांड्यात उभं राहून हाका मारत. हाक आली की वाडगा घेऊन जायचं, हा आमच्याकडचा नियम. न जाणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा भांडलेला.

"दोनशे युनिटं ओलांडली की संपलं," वरच्या मजल्यावरचे क्विन भाऊ सांगत होते. क्विन भाऊ रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी समोरच्याने काहीतरी लपवलं आहे अशाच नजरेने ते बोलत. "एक युनिट वर गेलं की सगळंच्या सगळं बिल महागड्या भावाने. माझ्या मेव्हण्याचं झालं. एका युनिटापायी बुडाला बिचारा."

"भाऊ, तसं नसतं," गुरुजी म्हणाले.

"मेव्हणा खोटं बोलतो?"

"मेव्हण्याला बसू द्या बाजूला. हे बघा." गुरुजींनी सगळ्यांचे वाडगे ओढून एका ओळीत मांडले. समजावून सांगायचं म्हटलं की त्यांच्या आवाजात आपोआप शाळा भरे. "पहिला वाडगा म्हणजे पहिली पन्नास युनिटं. स्वस्त. तो भरला की दुसरा वाडगा, थोडा महाग. मग तिसरा, मग चौथा, असे सहा. चौथ्या वाडग्यातला चहा महाग पडतो, हे खरं. पण म्हणून पहिल्या वाडग्यात आधीच ओतलेला चहा महाग होतो का?"

"चहा गार होतोय," क्विन भाऊ म्हणाले आणि आपला वाडगा परत घेऊन प्यायले.

हिएन आजी मात्र मन लावून बघत होत्या. एकट्या राहणाऱ्या, ऐंशीच्या आसपासच्या बाई. घरात एक पंखा, एक दिवा, एक भाताचा कुकर. "गुरुजी, माझे किती वाडगे भरतात हो?"

गुरुजींनी त्यांचं बिल बघितलं. आजींचा पहिला वाडगासुद्धा धड भरत नव्हता.

त्या रात्री गुरुजींना झोप लागली नाही. इकडे आपण चौथ्या-पाचव्या पायरीवर धापा टाकतो आहोत आणि भिंतीपलीकडे स्वस्तातली पहिली, दुसरी, तिसरी पायरी रिकामी पडून आहे! हिशेबी माणसाला रिकामी जागा बघवत नाही.

अर्थात आधी त्यांनी सरळ मार्ग धरला. वीज कार्यालयात जाऊन घरटी पायऱ्या वाढवून मिळतात का, हे विचारलं. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असतील तर मिळतात.

"दोन बिऱ्हाडं आहेतच की," गुरुजी म्हणाले. "आम्ही दोघं खाली. आणि वर देव्हाऱ्यात वडील, आजोबा, पणजोबा. त्यांचे दिवे वेगळे. चोवीस तास जळतात."

मुलीने न हसता विचारलं, "काका, त्यांची राहण्याची नोंद आहे का? कायमची असो, तात्पुरती असो, कुठलीही चालेल."

गुरुजी म्हणाले, "कायमची आहे." पण त्याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. मागे रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. गुरुजी ताठ मानेने बाहेर आले आणि त्यांनी घरी जाऊन फ्रिजचा प्लग काढला.

"अहो, हे काय?" त्यांच्या पत्नी न्यानबाई ओरडल्या.

"फ्रिज दिवसरात्र चालतो. तो आपल्या वरच्या पायरीवर चालण्याऐवजी आजींच्या खालच्या पायरीवर चालेल. वीज तेवढीच, पायरी बदलली. आजींचं वाढलेलं बिल आपण भरायचं, तरी आपण फायद्यात."

"आणि मला अंडं हवं असेल तेव्हा?"

"चार पावलांवर तर आहे."

"शाळेतल्या पोरांनी तुम्हाला कसं सोसलं असेल?" न्यानबाई म्हणाल्या आणि फ्रिजमधली भांडी बाहेर काढू लागल्या.

हिएन आजी हरखून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरी फ्रिज येत होता. त्यांनी तो दर्शनी खोलीत, व्हरांड्याकडच्या खिडकीसमोर ठेवून घेतला, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल. वर क्रोशाचं आच्छादन घातलं.

पण पाहुणा घरात आला की त्याच्या सवयी यजमानाच्या होतात. तिसऱ्याच दिवशी न्यानबाईंचे मासे वास मारू लागले. चौकशी केली तर कळलं, आजी रात्री फ्रिज बंद करत होत्या.

"दिवसभर गुरगुरतो हो बिचारा," आजी म्हणाल्या. "रात्री जरा विश्रांती देते."

गुरुजींनी त्यांना बसवून, न रागावता, दोनदा समजावलं की फ्रिजला विश्रांती लागत नाही. आजींनी दोन्ही वेळा मान डोलावली. मग गुरुजींनी चिकटपट्टीने प्लग भिंतीला चिकटवून टाकला. त्यावर आजींनी दुसरी बाजू सांभाळली. न्यानबाई दही घ्यायला गेल्या की त्या फ्रिजसमोर उभ्या राहत. "सकाळीच उघडला होतास ना ग? गारवा बाहेर जातो. पायरी चढते. गुरुजींनीच सांगितलंय." न्यानबाई घरी येऊन दही न घालताच जेवण वाढत आणि गुरुजी निमूटपणे जेवत.

आजींचं दार दिवसभर सताड उघडं असे. आत आपला फ्रिज आहे म्हटल्यावर गुरुजींनी बाजारातून दणकट कुलूप आणलं. दुकानदार म्हणाला होता, हे तोडायचं तर दार तोडावं लागेल. एक किल्ली आजींच्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. दुसरी न्यानबाईंच्या हातात देऊन गुरुजी म्हणाले, "घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेव."

हे वाक्य लक्षात ठेवा.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी गावाच्या बसमधून टोपली आली. बिन्ह काका दरवर्षी भावाच्या श्राद्धासाठी म्हणून एक कोंबडा वाढवत. त्याला हाताने मका भरवत, त्याच्याशी बोलत. यंदाचा कोंबडा तर असा होता की चाळीतली माणसं जिन्यात थांबून बघत होती. तुरा मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा. न्यानबाईंनी संध्याकाळीच तो उकडला, पंख दोऱ्याने नीट बांधून, मान ताठ ठेवून थाळीत बसवला, हळद-चरबीने पिवळाधमक केला आणि चोचीत लाल गुलाब दिला. या उन्हाळ्यात तो उघड्यावर ठेवणं शक्य नव्हतं. अख्खी थाळी आजींच्या फ्रिजमध्ये गेली.

नैवेद्य सूर्य माथ्यावर यायच्या आत दाखवायचा असतो. सकाळी देव्हाऱ्यावर दोन्ही लाल दिवे लागले होते. एसी चालू होता. चिकट भाताची रास, डुकराच्या मांसाच्या वळकट्या, सारण भरून तळलेल्या गुंडाळ्या, खारवलेली वांगी, फळं, सगळं मांडलं गेलं. गुरुजींनी नवा शर्ट घातला. यंदा काकांना बोट ठेवायला जागा नव्हती.

"आता कोंबडा आणते," म्हणत न्यानबाई बाहेर गेल्या आणि हात हलवत परत आल्या. "अहो, आजींच्या दाराला कुलूप आहे."

"देवळात गेल्या असतील. येतील."

"देवळातच गेल्यात. पण डोंगरावरच्या. बायकांची बस पहाटे निघाली. परत यायला रात्र होईल."

"मला कोणी सांगितलं नाही!"

"आजींनी सांगितलं होतं काल चहाला, माझ्या गडबडीत ध्यानातून गेलं. तुम्ही तेव्हा क्विन भाऊंना पाचवा वाडगा समजावत होतात."

गुरुजींनी आजींचा नंबर लावला. खिडकीच्या आतून, फ्रिजच्या डोक्यावरून, क्रोशाच्या आच्छादनाखालून घंटी ऐकू आली.

"दुसरी किल्ली!" गुरुजी म्हणाले. "ती दे."

न्यानबाईंचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "तुम्ही म्हणालात सगळ्यात सुरक्षित जागी ठेव."

"हो."

"लग्नातल्या बांगड्या मी कुठे ठेवते?"

गुरुजींना उत्तर माहीत होतं. वीस वर्षं न्यानबाई आपलं सोनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, मिरच्यांच्या मागे ठेवत आल्या होत्या. चोर मिरच्यांना हात लावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सवयीने किल्लीही त्याच पिशवीत गेली होती. आणि फ्रिज, तुम्हाला माहीत आहेच, कुलपाच्या आत होता.

तोवर व्हरांडा भरला. आमच्याकडे संकट आणि चहा, दोन्हींना हाक मारावी लागत नाही.

क्विन भाऊ हातोडा घेऊन आले. चार घाव घातले. कुलपावर ओरखडा उठला नाही, हातोड्याचं डोकं मात्र निसटून खालच्या अंगणात जाऊन पडलं. खालून कोणीतरी क्विन भाऊंच्या आईचा उद्धार केला.

"दार तोडा," एकजण म्हणाला.

"म्हाताऱ्या बाईचं दार, ती घरी नसताना?" गुरुजी म्हणाले. "लाज नाही वाटत?"

कुलूपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, जेवून येतो. त्याचं जेवण आणि वडिलांचं जेवण एकाच वेळेला होतं, आणि थांबायला दोघंही तयार नव्हते.

आता खिडकीच उरली. खिडकीला जाड गज होते. त्यातून हात जात होता, कोंबडा येणं शक्य नव्हतं. पण किल्ली येऊ शकत होती. क्विन भाऊंनी कपडे वाळत घालायचा लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला तारेचा आकडा बांधला. गुरुजींनी खांद्यापर्यंत हात आत घातला, गाल गजाला चिकटवला आणि बांबू पुढे सरकवला. पहिल्या दोन वेळा आकडा घसरला. तिसऱ्यांदा तो फ्रिजच्या कडेला बसला, गुरुजींनी ओढलं, आणि दार उघडलं.

आतला दिवा लागला. त्या उजेडात काकांचा कोंबडा मान ताठ करून, चोचीत गुलाब धरून, सगळ्यांकडे बघत बसला होता. सगळे "आहा" म्हणाले. गुरुजींनाही क्षणभर भरून आलं.

मिरच्या कोंबड्याच्या मागे होत्या आणि किल्लीची पिशवी मिरच्यांच्या मागे.

"डावीकडून," क्विन भाऊ म्हणाले. "अजून डावीकडून. अहो, तुमची डावी नाही, कोंबड्याची!"

आकडा कोंबड्याच्या बाजूने आत गेला, पिशवीला लागला, आणि ओढता ओढता थाळीत अडकला. थाळी सरकली. कोंबडा कप्प्याच्या काठावर आला आणि डुलू लागला.

"सोडा! सोडा बांबू!" न्यानबाई किंचाळल्या.

गुरुजींनी सोडला. बांबू दोन गजांमध्ये टेकून राहिला, आकडा थाळीत तसाच. आता बांबू ओढला तर कोंबडा जमिनीवर, ढकलला तरी जमिनीवर. फ्रिजचं दार उघडं ते उघडंच. बाहेर लाओसचा वारा, आत फ्रिज जीव तोडून गुरगुरत होता. जिन्यातल्या मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि त्याच्या प्रत्येक लुकलुकीला गुरुजींना आजींचा एकेक वाडगा भरून वाहताना दिसत होता.

"थिएम."

हात अजून खांद्यापर्यंत गजात होता, त्यामुळे गुरुजींना मान वळवता आली नाही. वळवायची गरजही नव्हती.

बिन्ह काका जिन्यावरून येऊन उभे होते. छत्री काखेत, कपाळावर घाम. त्यांनी आधी घरात जाऊन देव्हारा पाहिला. दिवे पाहिले. एसीखाली क्षणभर थांबले. मग बाहेर आले.

"दिवे लावलेस," काका म्हणाले. "छान. माझा कोंबडा कुठे आहे?"

सगळी चाळ बाजूला सरली. गुरुजींनी कसाबसा हात सोडवून घेतला. नव्या शर्टाच्या बाहीवर गंजाचा पट्टा उमटला होता. खोटं बोलायचं तर काय बोलायचं, हेसुद्धा त्यांना सुचेना. त्यांनी सगळं सांगितलं. पायऱ्या, वाडगे, किल्ली, मिरच्या, सगळं. सांगताना त्यांचा आवाज फळ्यापुढे उत्तर चुकलेल्या मुलासारखा होत गेला.

"दिवे जळावेत म्हणून फ्रिज दुसरीकडे ठेवला, काका. वीज वाचवायला नाही. म्हणजे वाचवायलाच, पण दिव्यांसाठी."

काका खिडकीशी गेले. गजांतून आत बघितलं. सूर्य व्हरांड्याच्या कठड्यावरून सरकून जवळजवळ माथ्यावर आला होता.

"वेळ झाली," काका म्हणाले. "आईच्या पहिल्या श्राद्धाला मी सैन्यात होतो. आघाडी सोडून घरी कसा येणार? गावाच्या दिशेला तोंड केलं आणि उदबत्ती लावली. नमस्कार लांबूनही पोचतो." ते न्यानबाईंकडे वळले. "सूनबाई, आतलं ताट बाहेर आण. चटई आण. कोंबडा येत नसेल, तर आपण त्याच्याकडे तोंड करू."

हिएन आजींच्या खिडकीखाली चटई अंथरली गेली. भात, वांगी, फळं, दारूचे छोटे पेले मांडले. काकांनी तीन उदबत्त्या पेटवल्या आणि गजांमध्ये अडकवलेल्या केळ्याच्या तुकड्यात खोचल्या. आत, काठावर डुलत्या अवस्थेत, फ्रिजच्या दिव्याच्या उजेडात कोंबडा बसला होता. खरं सांगायचं तर घरच्या देव्हाऱ्यापेक्षा तिथला उजेड जास्त होता.

काकांनी हात जोडले आणि पुटपुटायला सुरुवात केली. मागे गुरुजी, त्यांच्या मागे न्यानबाई, आणि मग चाळीतला एकेक माणूस. समोर सगळे वाकलेले असताना एकट्याने उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून क्विन भाऊसुद्धा वाकले.

"अग आई ग!"

जिन्याच्या तोंडाशी हिएन आजी उभ्या होत्या. डोक्यावर शंकूसारखी टोपी, हातात देवळाची पिशवी. आपल्या बंद दारापुढे धूर, नैवेद्य आणि वाकलेली चाळ बघून त्यांनी कठडा धरला.

"कधी?" त्या म्हणाल्या. "कधी गेले मी?"

"आजी!" गुरुजी धावले. "तुम्ही आहात! तुम्ही ठीक आहात!"

"मग हे कोणासाठी?"

"वडिलांसाठी. माझ्या वडिलांसाठी. आधी किल्ली द्या!"

किल्लीचा दोरा गळ्यातून निघायला वेळ लागला, कारण तो टोपीच्या नाडीत गुंतला होता. दार उघडलं. न्यानबाईंनी धावत जाऊन दोन्ही हातांनी थाळी धरली, तेव्हा कोंबड्याचं अर्धं अंग कप्प्याच्या बाहेर होतं. गुलाब पडला होता. तो उचलून पुन्हा चोचीत दिला आणि सूर्य अगदी माथ्यावर यायच्या आत थाळी देव्हाऱ्यावर चढली. दोन लाल दिव्यांच्या मध्ये तुरा असा शोभला की काका खाकरून तोंड फिरवून उभे राहिले.

जेवताना न्यानबाईंनी आजींना आपल्या शेजारी बसवलं. "आजी, पण तुम्ही तर रात्री येणार होतात."

"येणारच होते ग. अर्ध्या वाटेवर गाडी पेट्रोल भरायला थांबली आणि माझ्या छातीत धस्स झालं. घरात कोणी नाही, आणि तो बिचारा एकटाच चालतोय. दिवसभर! गुरुजींची पायरी चढायची." आजींनी गुरुजींकडे बघितलं. "उतरले आणि समोरून येणारी गाडी पकडली. म्हटलं, जाऊन बंद करू या त्याला."

गुरुजींच्या घशात भात अडकला. क्विन भाऊंनी त्यांच्या पाठीत थाप मारली.

बिन्ह काका हसत नसत. पण त्यांनी पेला खाली ठेवला, कोंबड्याची एक तंगडी तोडली आणि उठून आजींच्या वाडग्यात घातली. "वहिनी, आमच्या दादाचा आज तुमच्यावर जीव जडला असेल." मग पुतण्याकडे वळले. "पुढच्या वर्षीही इथेच. कोंबडा मी पाठवतो. फ्रिज मात्र घरात आण."

जेवण आटोपल्यावर चाळीतल्या चौघांनी फ्रिज उचलून परत आणला. न्यानबाईंनी तो जागेवर बसण्याच्या आतच त्यातून दही काढलं.

त्या महिन्याचं बिल पाचव्या पायरीवर गेलं. चहाला क्विन भाऊंनी ते हातात घेऊन वर-खाली बघितलं आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा! ओलांडलं की सगळंच महाग!" गुरुजींनी त्यांचा वाडगा भरून दिला.

हिएन आजी मात्र अजूनही रोज निजायच्या आधी व्हरांड्यात येतात आणि गुरुजींच्या खिडकीतून आत डोकावतात. "गुरुजी, त्याला विश्रांती दिलीत ना?"

मागे फ्रिज गुरगुरत असतो. वर देव्हाऱ्यात दोन लाल दिवे जळत असतात. गुरुजी उठून खिडकीशी येतात.

"दिली, आजी," ते म्हणतात. "तुम्ही झोपा आता."